टाचेतलं काळं विष

गोदामात मुंगी शिरायला जागा नव्हती. पुढच्या रांगेतले बसलेले, मागचे उभे, त्यांच्या मागचे खिडकीच्या गजांना लटकलेले. सगळ्यांचे डोळे एका पांढऱ्या एनॅमलच्या घमेल्यावर. घमेल्यात पाणी, पाण्यात एका हौदकामगाराचे पाय.

"बघा! निघालं!" कुणीतरी ओरडलं.

पाण्यात टाचेभोवती आधी करडा धूर पसरल्यासारखं झालं, मग निळसर, आणि बघता बघता सगळं पाणी शाईसारखं काळंकुट्ट. बायकांनी तोंडावर हात ठेवले. हौदकामगार स्वतःच्याच पायांकडे असा बघत राहिला, जणू ते शेजाऱ्याकडून उसने आणले होते.

"हे विष!" चरणसिद्ध बाबा गरजले. "माणसाचा सगळा ताप, सगळं पाप कुठं उतरतं? खाली! आणि सगळ्यांत खाली काय असतं? टाच!"

या न्यायानं आमच्या चाळीत तळमजल्यावर राहणारे सगळे महापापी ठरले असते. पण हे मी मनातच म्हटलं. त्या दिवसांत बाबांविरुद्ध बोलणाऱ्याला नळावर पाणी भरू देत नसत.

आज माझे केस कापसासारखे झालेत, तरी आमचं ते कातडं कमावणारं गाव डोळ्यांपुढं जसंच्या तसं उभं राहतं. नदीकाठचा कारखाना, आवारात झाडाच्या सालीचे डोंगर, आणि सालीच्या तपकिरी पाण्यानं भरलेले दगडी हौद. माणसं अनवाणी त्यात उतरून पायांनी कातडी तुडवायची. फाटकापाशी नळांची रांग होती. पाळी सुटली की सगळे तिथं पाय खसाखसा धुऊन, जोडे चढवूनच घरी जायचे. किती साधी, चांगली माणसं होती ती! आणि वेळ आली की किती बिनडोक!

दिवसभर दगडावर उभं राहणाऱ्या या गावात प्रत्येक घरात एक तरी लंगडणारा होताच. कुणाच्या टाचेत कळ, कुणाच्या करंगळीवर कुरूप, कुणाच्या अंगठ्याचं नख मांसात रुतलेलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई प्रत्येकाला तपासून सांगत, "सकाळी पाय जमिनीवर टेकण्याआधी पोटरी ताणायची. जाड तळाचे जोडे घालायचे. काही महिने लागतील." आता यात चमत्कार कुठाय? महिनोन् महिने पोटरी ताणायला कुणाला वेळ आहे? काळं पाणी कसं, ताबडतोब दिसतं!

बाबांचे नियमही मोठे नामी. पहिला नियम, कामावरून थेट या, पाय धुऊ नका. "धुतलेत की विष घाबरून आत दडतं!" फाटकापाशीचे नळ कोरडे पडले. हौदात न उतरणाऱ्या कारकुनांना, बायकांना आधी पायाला तपकिरी लेप लावून बसवायचे, "विषाला वाट करून द्यायला". अंथरुणाला खिळलेल्यांनी पायाची पट्टी किंवा मोजा पाठवला तरी चाले. आणि शेवटचा नियम, घातलेल्या जोड्यात रोग राहतो, तेव्हा जोडे इथंच सोडून जा. संध्याकाळी गोदामाच्या मागच्या दाराला गाडी लागायची आणि रोगट जोड्यांची पोती भरून बाहेरगावी जायची. तिथल्या लोकांना तो रोग नवाकोरा म्हणून विकला जात असणार. अख्ख्या मुलुखाला जोडे पुरवणारं आमचं गाव अनवाणी हिंडू लागलं.

त्याच सुमारास माझा दादा हौदाच्या काठावरून घसरला. पाय आत वळला, 'कट्' असा आवाज झाला आणि घोटा भोपळ्यासारखा सुजला. मी जोडे शिवायच्या खात्यात होते. बातमी कळताच धावत घरी आले, तर वहिनी त्याला उठवून बसवत होती.

"वहिनी, दवाखान्यात नेऊ या."

"अहो वन्सं, तिथं काय, त्या बाई प्लॅस्टर घालून महिनाभर घरी बसवतील. मुकादम तोवर हौदावरची यांची जागा धरून ठेवणार आहे का? बाबांकडे मुरगळलेला पाय आठवड्यात बरा होतो."

"आणि मोडला असेल तर?"

"तुमच्या तोंडाला काही धरबंद? मोडलेला नाही. बोटं हलताहेत बघा!"

बोटं हलतात म्हणून हाड शाबूत, हे शास्त्र कुणी काढलं कोण जाणे! आजही ते तितक्याच जोमात चालतं. दादाला विचारलं तर तो कळवळत म्हणाला, "तुम्ही दोघी भांडून घ्या, मग मला सांगा कुठं जायचं ते."

वहिनी जिंकली. बाबांनी घोट्याला हातही न लावता निदान केलं, "विष सांध्यात अडकलंय." पाय घमेल्यात गेला, पाणी काळं झालं, लोकांनी हात जोडले. "पाणी निवळलं की पाय बरा. तोवर रोज चालत यायचं! गाडीतून आलास तर विष बसल्या जागी बसतं."

म्हणून माझा दादा, वहिनीच्या खांद्यावर भार टाकून, मोडक्या पायावर रोज चालत जाऊ लागला. रस्त्यात त्याला घाम फुटे, ओठ पांढरे पडत. आई दारात उभी राहून पदरानं डोळे पुसायची आणि परत येताच पहिला प्रश्न विचारायची, "पाणी कसं होतं आज?"

"जरा फिकट होतं," वहिनी आनंदानं सांगायची.

खरंच होतं. काळ्याचं करडं झालं, करड्याचं राखाडी. आणि इकडे पाय? तो निळा-जांभळा झाला, सूज पिंढरीपर्यंत चढली, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं दिसू लागलं. पाणी सुधारत होतं, पाय बिघडत होता, आणि घरातलं प्रत्येक माणूस पाण्याची तब्येत विचारत होतं!

मला राहवेना. डॉक्टरीणबाईंना मी घरीच घेऊन आले. ठेंगण्या, जाड भिंगांच्या चष्म्याच्या बाई. बोलायला लागल्या की समोरच्याला आपली शाळा आठवायची. त्यांनी घोट्याच्या हाडावर मागच्या बाजूनं बोट टेकवलं मात्र, दादानं किंकाळी फोडली.

"मोडलंय," बाई म्हणाल्या. "आणि त्यावर चालून चालून जागचं हललंय. आत्ताच्या आत्ता मोठ्या रुग्णालयात न्या. आणखी थोडे दिवस गेले तर ते असंच वाकडं जुळेल आणि हा जन्मभर काठी घेऊन चालेल. चालला तर."

"पण बाई, पाणी जवळजवळ निवळलंय," दादा म्हणाला. "आता अर्ध्यावर सोडलं तर विष उलटतं म्हणे."

"कोण म्हणे?"

"बाबा म्हणे."

बाई चिडल्या नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि दादाच्या पायाकडे पुन्हा पाहिलं. टाचेच्या भेगांत काळे डाग बसले होते. त्यांनी ओला कापूस घासला. डाग हलला नाही.

"हा काळा रंग मी रोज बघते," त्या हळूच म्हणाल्या. "तुमच्या कारखान्यात कातडं काळं करणारं खातं आहे ना? तिथल्या माणसांच्या नखांत अगदी हाच काळा असतो. बरं, हौदात शेवटचा कधी उतरला होतास?"

"पडलो त्या दिवशी."

"म्हणजे हौद सुटला आणि पाणी फिकट होत गेलं." बाई उठल्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "उद्या मला तुझ्या खात्यातून जोड्याच्या तळव्याचा एक तुकडा आणून दे. न रंगवलेला. आणि याला गोदामात घेऊन ये, पण गाडीतून. विष बसलं तर माझ्या अंगावर."

दुसऱ्या दिवशी गोदाम नेहमीसारखंच खचाखच भरलं होतं. बाई आत शिरल्या तशी कुजबूज झाली. त्यांच्या हातात पांढऱ्या पट्टीत घट्ट गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"या, या!" बाबांना चेव आला. "दवाखान्यालाही शेवटी इथंच यावं लागलं!"

"माझा एक रुग्ण आहे," बाई अदबीनं म्हणाल्या. "त्याला येता येत नाही. त्याच्या पायाची पट्टी आणलीये."

"चालेल. कुठला पाय?"

"चारही पायांना त्रास आहे... म्हणजे, नवरा-बायको दोघांनाही."

लोक हसले. बाबाही हसले आणि त्यांनी पट्टी घमेल्यात सोडली. क्षणभर काही नाही. मग पट्टीच्या पदरांतून काळं झिरपू लागलं, आणि असं झिरपलं की तसं काळं पाणी त्या गोदामानं पाहिलं नव्हतं.

"अरेरे!" बाबांनी डोळे मिटले. "फार जुनं पाप! घरात सतत भांडणं. बाईची जीभ तिखट आहे. पण घाबरू नका, आठवड्यात दोघंही चालायला लागतील!"

"नक्की?"

"माझा शब्द!"

बाईंनी पाण्यात हात घातला, पट्टी उलगडली आणि आतून काळाठिक्कर पडलेला कातड्याचा तुकडा वर धरला. मागच्यांनाही दिसावा म्हणून सगळीकडे फिरवला.

"हा बैल आठवड्यात चालायला लागला तर मला जरूर बोलवा," त्या म्हणाल्या. "त्याच्या तिखट जिभेच्या बायकोलाही बघेन म्हणते."

 मग खिडकीच्या गजांवरून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग हसू आवरेना. बाबा म्हणाले, "श्रद्धा नसली की असंच..." पण ते कुणाच्या कानांपर्यंत पोचलं नाही.

"काळ्या खात्याचा मुकादम आहे का इथं?" बाईंनी विचारलं. तो होता. टाच घेऊनच आला होता बिचारा. "तुम्ही कातडं काळं कशानं करता हो?"

"हिराकशीच्या पाण्यानं," तो म्हणाला, आणि म्हणताच त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"हिराकस म्हणजे लोखंडाचा क्षार. या घमेल्यात तोच विरघळवलाय. सालीचा रस आणि लोखंड एकत्र आले की काळं होतं. म्हणूनच हौदात लोखंडी बादली बुडवली की मुकादम तुमच्या पाठीत गुद्दा घालतो ना? सालीचा रस तुमच्या पायांच्या भेगांत मुरलेला. तो धुऊन जाऊ नये म्हणून पाय धुवायला बंदी. ज्यांच्या पायांत नाही, त्यांना लेप. लेप कसला? सालीच्या भुकटीचा!"

पिढ्यान् पिढ्या हे गाव साल आणि लोखंड एकत्र आणून जोडे काळे करत आलं होतं. जे रोज हातांनी करत होतो तेच पायांनी झालं, तर आम्ही त्याला चमत्कार म्हणालो. आणि हे कळायला एका बैलाचं कातडं लागावं? दुसऱ्या कुठल्या गावाला ही चूक करायची म्हटली तरी जमली नसती.

"पण माझी टाच दुखायची राहिली ना, बाई!" मुकादम चिवटपणे म्हणाला. "इथून निघताना दुखत नाही."

"टाचेच्या या दुखण्याचा स्वभावच तो आहे. बसून उठलात की पहिली पावलं जीव काढतात, थोडं चाललात की कळ कमी होते. हा माणूस तुम्हाला तासभर बसवून पाल्हाळ लावतो, मग आवारात फेऱ्या मारायला लावतो. उद्या सकाळी पलंगावरून उतरताना दुखेल, तेव्हा बाबा कुठं असतो?"

मुकादमानं आपल्या टाचेकडे पाहिलं. रोज सकाळी दुखत होतंच, हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

या गडबडीत बाबा मागच्या दारानं निसटले. लोक त्यांच्यामागे धावले असतील असं तुम्हाला वाटेल. छे! लोक पोत्यांवर तुटून पडले, आपापले जोडे शोधायला. कालपर्यंत ज्यांत रोग होता त्यांच्यावरून झिंज्या धरून भांडणं झाली.

दादा मात्र जागचा हलला नाही. त्यानं घमेल्यातल्या पाण्याकडे पाहिलं, मग कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा स्वतःच्या पायाकडे पाहिलं. वाकडा, जांभळा, फुगलेला.

"वन्सं, गाडी अजून उभी आहे का हो?" वहिनीनं मला विचारलं.

रुग्णालयात पोचलो तोवर हाड वाकडं जुळायला लागलेलंच होतं. भूल देऊन ते सोडवावं लागलं, पुन्हा बसवावं लागलं. दादा पुढं चालला, काठीशिवाय चालला, पण मांडी घालून बसणं आणि हौदाच्या निसरड्या काठावर उभं राहणं त्याच्या नशिबातून गेलं. नशिबातून म्हणते ही माझीही जुनी खोड. नशिबाचा काही संबंध नव्हता. पहिल्याच दिवशी प्लॅस्टर घातलं असतं तर तो हौदावर परतला असता.

तेव्हा वाचणाऱ्यांना एवढंच सांगते. पाय मुरगळला, घोट्याच्या हाडावर बोट टेकवताच कळ आली, पायावर भार घेववेना, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि हाडाचा फोटो काढून घ्या. टाच दुखते, तर धीर धरून इलाज करा. तो कंटाळवाणाच असतो. आणि कुणी अंगाला हातही न लावता दुखणं बाहेर काढून दाखवायला लागला, तर विचारा, हेच दुसऱ्या कशावर करून दाखवाल का? असले लोक तुम्हाला नेहमी पाणी बघायला लावतील. तुम्ही पाय बघा.