हशासाठी सोडलेली जागा

मेलेल्या माणसाची टोपी तिसऱ्या मजल्यावरच्या बाईने सरळ केली.

पांढरा रुमाल. इस्त्रीचा. घडी अजून मोडलेली नाही.

“मोठ्याने हसायचं की नुसतं खुसखुस?”

बंद दार. अजून बंद. अजूनही बंदच.

कुणीतरी खोकल्याच्या गोळीचा कागद सोलत होतं आणि तो काही केल्या सोलून होत नव्हता.

हे सगळं एकाच दुपारी, एकाच अंधाऱ्या सभागृहात चाललं होतं, आणि मधल्या रांगेत बसलेल्या कात्रीबाईंच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. उभा जन्म चित्रपट कापण्या-जोडण्यात गेला म्हणून स्टुडिओत त्यांना हे नाव पडलं. पुढे ते घरच्यांनीही उचललं. समोर पडद्यावर चाललेला चित्रपट त्यांनीच संकलित केलेला.

त्याचा दिग्दर्शक रहस्यपटांतला बडा माणूस. त्याचा चित्रपट बघून आलेले लोक झोपण्याआधी पलंगाखाली वाकून बघायचे. त्याने आयुष्यात एकदाच विनोदाला हात घातला, तो हा. एका उंच इमारतीचा म्हातारा लिफ्टमन स्टुलावर बसल्या बसल्या मरतो. कळवावं तर पोलीस लिफ्टला सील ठोकणार, आणि जिने चढायची कुणाचीच तयारी नाही. म्हणून सगळे रहिवासी काही घडलंच नाही अशा थाटात त्याच्यासोबत वर-खाली करत राहतात. “आज गप्प गप्प?” म्हणतात आणि बटण आपणच दाबतात. हळूहळू त्याच्यापाशी मन मोकळं करू लागतात, कारण तो मध्ये बोलत नाही.

प्रत्येक प्रसंग संपला की लिफ्टचं दार बंद होतं आणि कॅमेरा त्या बंद दारावर थांबतो. ही हशाची जागा. लोक हसतील, त्या हसण्यात पुढचं वाक्य बुडू नये, म्हणून सोडलेली. या जागांवरून कात्रीबाईंचं आणि दिग्दर्शकाचं संकलनाच्या टेबलावर इतकं वाजायचं, की साउंडवाला आत यायला घाबरायचा.

चित्रपट लागला तेव्हा कुणी हसलंच नाही. दार बंद झालं की लोक खुर्चीचे हात घट्ट धरायचे. ह्या माणसाचा चित्रपट म्हटल्यावर दारामागे काहीतरी भयंकर असणारच! दार उघडायचं. आत तोच म्हातारा, तसाच मेलेला. लोक फसवल्यासारखे घरी गेले.

आता एक कंपनी दिग्दर्शकाचे सगळे चित्रपट धुऊनपुसून पुन्हा बाहेर काढत होती.

“बाकीचे आहेत तसेच ठेवतोय,” कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला होता. “ह्याच्यातली बंद दारं मात्र कापतो, बाई. उगाच खोळंबा होतो.”

“खोळंबा? अहो, त्या हसायच्या जागा आहेत!”

“हसलंय का कुणी आजवर?”

कात्रीबाईंना फोन आपटावासा वाटला. आपटला असता तर दारं गेलीच असती. म्हणून त्यांनी गोडीत विचारलं, “एकदा लोकांपुढे लावून तरी बघाल?”

“फिल्म क्लबात लावू. हसले तर ठेवू.”

फिल्म क्लबचे सभासद कात्रीबाईंना चांगले ठाऊक होते. दातदुखी असल्यासारखे चेहरे करून चित्रपट बघणारी मंडळी ती. त्यांच्या भरवशावर राहण्यात अर्थ नव्हता. म्हणून त्यांनी गोतावळा गोळा केला: धाकटी बहीण, मेहुणे, दोन्ही वन्सं, शेजारीण. घरी बसवून सगळ्यांची तालीम घेतली. मी रुमाल वर केला की हसायचं, बस्स.

नवरा तेवढा तालमीला बसला नाही. तो दातांचा डॉक्टर. “जन्मभर लोकांचे दात काढले,” तो म्हणाला, “आता तुझ्या रुमालावर माझे काढायला सांगू नकोस.”

आणि आता हे असं. रांगेतल्या एकाचीही नजर पडद्यावर नव्हती. सगळे माना वळवून रुमालाकडे टक लावून बसलेले. पहिल्या दाराला रुमाल वर गेला आणि सगळे एकदम “हा हा हा” असे ओरडले, शाळेत पाढे म्हटल्यासारखे. तेही एका सुरात. दुसऱ्या दाराला मेहुण्यांनी टाळी वाजवली.

“मेहुणे, टाळी नाही,” कात्रीबाई दात-ओठ खात कुजबुजल्या.

“जोर यावा म्हणून, ताई.”

“जोर नकोय मला!”

“शू!” पुढच्या रांगेतल्या टकल्या गृहस्थांनी मागे वळून दटावलं. “आता खून होईल. बघू द्या.”

मग चित्रपटातली एकमेव हळवी जागा आली. लिफ्टमनची लेक बापाला घ्यायला येते. दाराच्या फटीतून बघते. तिला वाटतं, डुलकी लागलीय. दमला असेल म्हणते आणि पाऊल न वाजवता परत जाते. इतक्या वर्षांनीही कात्रीबाईंचे डोळे भरून आले. हात आपसूक डोळ्यांकडे गेला. हातात रुमाल होता.

अख्खी रांग खदाखदा हसली.

टकले गृहस्थ उभेच राहिले. “लाज वाटत नाही? पोरगी बापासाठी आलीय तिथे!”

“मला विचारा, मी सांगते कोणाला लाज नाही ते,” म्हणत कात्रीबाईंनी रुमाल पर्समध्ये कोंबला, नवऱ्याच्या गुडघ्यांवरून वाट काढली आणि तडक शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या. कंपनीच्या माणसाशेजारी.

“कापा,” त्या म्हणाल्या. “सगळी दारं कापा. सुटले मी एकदाची.”

“शू,” तो म्हणाला.

पडद्यावर तिसऱ्या मजल्यावरची बाई लिफ्टमनवर तोंड टाकत होती. तुम्ही मुद्दाम दुसऱ्या मजल्यावर थांबवता, मला घाम फुटेपर्यंत वाट बघायला लावता, शीळ वाजवता तीही बेसूर. बोलता बोलता तिने त्याची टोपी सरळ केली. मग बोट उगारून म्हणाली, “आणि माझं बोलणं अर्धवट तोडायची तुमची सवय काही जात नाही.”

ती बाहेर पडली. दार बंद झालं.

मधल्या रांगेत धाकटीने मागे वळून रुमाल शोधला. अंधारात काही दिसेना. मेहुण्यांनी शोधला. मग नाइलाजाने दोघांनी पडद्याकडे तोंड केलं.

बंद दार. अजून बंद.

कुठूनतरी नाकातून फुस्स झालं. तो आवाज कात्रीबाईंनी अंधारातही ओळखला. पेशंटने बोट चावलं की घरी येऊन ते सांगताना नवरा असाच फिस्कारायचा. त्याला आवरेना. टकल्या गृहस्थांचे खांदे हलू लागले. मग धाकटी उचक्या देत हसायला लागली, परकरात होती तेव्हा हसायची तशी, आणि सगळं सभागृहच फुटलं. दार उघडलं, टोपी पुन्हा म्हाताऱ्याच्या नाकावर घसरलेली, बाई परत आलेली. तिचे ओठ हलले. ती काय बोलली ते कुणालाच कळलं नाही.

कंपनीचा माणूस चष्मा काढून डोळे पुसत होता.

“काय म्हणाली ती?”

“तुम्हाला नाही ऐकू आलं?”

“कसं येणार? एवढ्या हसण्यात? तिथे जागा कमी पडतेय, बाई.”



दिवे लागले तशी धाकटी धावत मागे आली. डोळ्यांतलं काजळ गालभर पसरलेलं.

“ताई, कुठे गायब झालीस? रुमाल दिसेना, मग आम्ही आपले तसेच हसलो. चाललं ना गं?”

“चाललं,” कात्रीबाई म्हणाल्या आणि पर्स उघडून रुमालाची घडी नीट घालत बसल्या.

त्या दारावर दिग्दर्शकाने दुप्पट जागा मागितली होती. कात्रीबाईंनी दिली नव्हती.