पाचाचे सहा दाखवणारा काटा

मी एक जुना वजनकाटा आहे, आणि खोटारडा आहे. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर सांगायला माझी जीभ रेटणार नाही. पण मी जन्मापासून खोटारडा नव्हतो.

बल्गेरियातल्या यावोरिश्ते नावाच्या डोंगरालगतच्या गावात, तिथल्या प्रसूतिगृहात मी नवाकोरा आलो, त्याला साठ वर्षं उलटून गेली. माझं पारडं पाळण्यासारखं खोलगट आणि पांढरंशुभ्र होतं. वर एक दांडी, दांडीवर आकडे आणि आकड्यांवरून सरकणारं पितळी वजन. बाळाला पारड्यात ठेवायचं, वजन सरकवायचं, दांडी आडवी स्थिरावली की आकडा वाचायचा. एवढंच माझं काम, पण ते मी मान ताठ ठेवून केलं.

रुसाना तेव्हा बावीस वर्षांची सुईण होती. तिचे हात मोठे होते, आवाज त्याहून मोठा. नव्या परिचारिकांना ती बजावायची, "हातांवर विसंबू नका गं. हात माया करतात, काटा करत नाही." हे ऐकलं की मला फार बरं वाटायचं. गावात लोकरीची गिरणी जोरात चालू होती. गिरणीतल्या बायका कामाची पाळी संपवून थेट आमच्याकडे यायच्या आणि दुसऱ्या दिवशी लालबुंद बाळ कुशीत घेऊन खिडकीत उभ्या राहायच्या. खाली नवरे टोप्या उडवत ओरडायचे, "किती भरलं?" रुसाना खिडकीतून आकडा सांगायची. तो आकडा माझा असायचा. एका वर्षी दोनशे अकरा बाळं मी तोलली.

नंतर सरकारने आमच्या गावातल्या तुर्की माणसांची नावं जबरदस्तीने बदलून बल्गेरियन केली. सेवदिये नावाच्या विणकरणीला मुलगा झाला. त्याचं नाव वहीत एक लिहिलं गेलं, आणि माझ्या पारड्यावर वाकून तिने त्याच्या कानात दुसरंच सांगितलं. मी त्याचं वजन तीन किलो चारशे दाखवलं. मला नाव कळत नाही, म्हणून मी तरी त्याच्याशी लबाडी केली नाही. पंधरा दिवसांत ती बाळासकट सीमेपलीकडे तुर्कस्तानात गेली. तिच्यासारखी अर्धी आळी गेली, आणि गिरणीचे अर्धे माग थांबले. उरलेले पुढच्या काही वर्षांत थांबले. मग तरुण पोरं बसमध्ये बसू लागली. कुणी राजधानीला गेलं, कुणी जर्मनीला, कुणी स्पेनला फळं तोडायला.

शेवटी वरून फर्मान आलं. वर्षाला एवढी बाळंतपणं होत नसतील तर प्रसूतिगृह बंद. रुसाना निवृत्त झालेली होती, तरी शहरात गेलेल्या लेकीबाळींना फोन करकरून विनवत राहिली, "अगं, बाळंतपणाला माहेरी या. माझ्यासाठी नको, आकड्यासाठी या." तिघी आल्या. तेवढ्याने काय होणार? दाराला कुलूप लागलं. मला भंगारात टाकणार होते. रुसानाने मला घोंगडीत गुंडाळलं आणि छातीशी धरून घरी नेलं. त्या दिवशी ती रस्ताभर रडली, आणि मलाही डोळे असते तर मीही रडलो असतो.

तिच्या अंगणातल्या स्वयंपाकघरात मी मिरच्या तोलू लागलो, चीज तोलू लागलो. काम कमी दर्जाचं होतं, पण खरं होतं. मग शेजारचा गेंचो मला शरद ऋतूत मागून नेऊ लागला. साठीचा माणूस, टोपी कायम तिरकी. त्याच्या प्लमच्या बागेवर शहरातला व्यापारी यायचा. तो व्यापारी दरवर्षी नाडतो, असं गेंचोचं म्हणणं. एके दिवशी त्याने माझं सरकतं वजन काढलं, खालून पोखरलं आणि भोकात मेण भरलं. वर शून्य जुळवायचा स्क्रू फिरवला. रिकामा असताना मी साळसूद दिसायचो, पण पाच किलो ठेवले की सहा दाखवायचो. रुसानाला याचा पत्ता नव्हता. मला होता. पण काट्याला बोलता कुठे येतं?

आता त्या दिवसाचं ऐका. आमच्याकडे जानेवारीत सुईणीचा सण असतो. बायका साबण आणि टॉवेल घेऊन येतात, सुईणीच्या हातावर पाणी घालतात, तिच्या गळ्यात लाल मिरच्यांची माळ घालतात. पुरुषांना त्या दिवशी आत मज्जाव; कुणी शिरलाच तर बायका त्याची टोपी काढून घेतात. पूर्वी दीडशे बायका यायच्या. या वर्षी सात म्हाताऱ्या आल्या आणि आठवी अल्बेना. गावातली एकुलती एक गरोदर बाई. सातवा सरत आला होता, नवरा स्पेनमध्ये. बाहेर गुडघाभर बर्फ होता आणि गेंचो फावड्याने वाट मोकळी करत होता.

"नीट धू गं ते हात," मिंका म्हातारी म्हणाली, "माझ्या चारही पोरांना पहिल्यांदा तेच लागले. चारही पळाली परदेशात!"

"हाताला काय नावं ठेवतेस?" रुसाना म्हणाली. "पळाली ती पायांनी, आणि पाय तुझ्यावर गेलेत."

सगळ्या खदखदून हसल्या. अल्बेना हसत हसत पाणी घालायला वाकली आणि तशीच थांबली. तांब्या हातातून सुटला.

"आजी, मला काहीतरी होतंय."

फोन केला. घाट बंद होता, आणि जिल्ह्याचं रुग्णालय घाटापलीकडे. रुसानाचं वय चौऱ्याऐंशी. ओले हात तिने तसेच वर धरले आणि म्हणाली, "पाणी तापवा. मिंके, रडायचं असेल तर बाहेर जा." दोन तासांत मुलगी झाली. रडली, पण मांजरीच्या पिल्लाइतकीच. फोनवर रुग्णालयातली डॉक्टरीणबाई होती. "वजन सांगा," ती म्हणाली, "वजनावर सगळं ठरेल."

मला फडताळावरून काढलं, उबदार दुपटं अंथरलं. तेरा वर्षांनी माझ्या पारड्यात बाळ आलं, मित्रांनो. त्या आनंदाने मी थरथरलो आणि त्याच क्षणी भीतीने गार पडलो. रुसानाने वजन सरकवलं. दांडी स्थिरावली.

"अठराशे ग्रॅम."

"मग छातीशी धरून ऊब द्या. रस्ता उघडला की साधी गाडी पाठवते. कमी वजनाच्या बाळांना उबेत नेणारी काचपेटीची गाडी एकच आहे, ती दुसरीकडे लागतेय."

रुसानाने बाळाला उचललं, तळहातावर घेतलं, कपाळाला आठी घातली. "हाताला कमी वाटतंय," ती पुटपुटली. मग स्वतःलाच झिडकारलं, "म्हातारीचे हात. काटा म्हणतो तर असेल." मी मनातल्या मनात किंचाळत होतो. खोटं आहे, रुसाना! हातांचं ऐक! एकदा तरी हातांचं ऐक!

दारात गेंचो जळणाची मोळी घेऊन उभा होता. मिंका ओरडली, "ए, पुरुष आत आला! टोपी काढून घ्या त्याची!" त्याने स्वतःच टोपी काढली. तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"आजी, फोन ठेवू नको. तो काटा... पाचाचे सहा दाखवतो. मी पोखरलाय. प्लमसाठी."

रुसानाने साखरेचा एक किलोचा बंद पुडा पारड्यात ठेवला. मी बाराशे दाखवले. आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

"दीड किलो, बाई! दीडच!" रुसाना फोनवर ओरडली. "काटा खोटा निघाला. काचपेटी पाठवा, आणि बर्फ काढायचं यंत्र तिच्यापुढे पाठवा!"

पलीकडून उत्तर आलं, "निघाली." गाडी येईपर्यंतचे तीन तास रुसानाने मुलीला उघड्या छातीशी धरलं. गेंचो उंबऱ्याबाहेर बर्फात उभा राहिला. आत ये, असं त्याला कुणी म्हटलं नाही.

मुलगी वाचली. एप्रिलमध्ये अल्बेना तिला घेऊन आली, पण सामान न्यायला. "चार किलो झालीय, आजी. ठेव ना काट्यावर, बघ."

"नको. तो बिघडलाय," रुसाना म्हणाली. मुलीला तिने हातांवरच घेतलं, बराच वेळ घेतलं. "चारला थोडी कमी," ती म्हणाली, आणि मग हळूच, "परत येशील ना?"

"कशाला येऊ, आजी? दर वेळी घाट उघडणार आहे का?"

बस गेली. अल्बेनानंतर आता गावात बाळंत होऊ शकेल अशी एकही बाई नाही.

गेंचो दुसरं पितळी वजन शोधत तीन शहरं फिरला. माझ्या जातीचं कुठे मिळत नाही. रुसाना अजूनही दर शनिवारी मला पुसते, वजन शून्यावर आणते, आणि दांडी सरळ आडवी राहते. पारड्यात काही नसलं की मी अजून बिनचूक आहे. माझ्यात खरं बोलण्याजोगं एवढंच उरलं आहे.

मित्रांनो, तुमच्या गावात माझा एखादा भाऊबंद असेल तर त्याला तेलपाणी करा. त्याच्या वजनाला कुणाला हात लावू देऊ नका. आणि मला हात असते तर जोडून सांगितलं असतं, त्याला रिकामं ठेवू नका.