आजोबांचा आवाज आणि मी

मित्रांनो, मी एक जुना व्हीसीआर आहे. तुमच्यापैकी अनेकांनी मला पाहिलेही नसेल. माझ्या पोटात कॅसेट सरकवून बटण दाबले, की टीव्हीवर चित्र हलू लागे. कारखान्यातून या घरी आलो तेव्हा माझा काय थाट होता! शेजारपाजारचे माझ्यापुढे दाटीवाटीने बसत, पण बटणाला हात लावण्याचा मान फक्त घरच्या बाबांचा. पुढे मोबाइल आले आणि मी जुन्या चादरीत गुंडाळला जाऊन माळ्यावर गेलो. फार वाईट वाटले.

परवा मला खाली उतरवले. बाबा आता आजोबा झाले आहेत. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज कायमचा गेला. नातीने तो कधी ऐकलाच नाही. तो उरला होता एका कॅसेटमध्ये, आणि तिची दुसरी प्रत नव्हती.

नव्या टीव्हीला माझ्या लाल, पांढऱ्या, पिवळ्या वायरींसाठी जागाच नाही. म्हणून आजोबांच्या लेकीने मध्ये जोडायचा एक छोटा डबा आणला. घाईघाईत तिने थेट तीच कॅसेट माझ्यात सरकवली आणि बटण दाबले. पडदा काळाच! ती आणि जावई टीव्हीमागे डोके खुपसून बसले. इकडे माझ्या पोटात फीत फिरतच होती. इतकी वर्षे पडून माझे रबरी चाक चिकट झाले होते. फीत त्याला चिकटली, गुंडाळली जाऊ लागली. ओरडणार कसा? नुसती बारीक किरकिर निघाली.

आजोबांनी ती ओळखली. त्यांनी जोरजोरात टाळ्या वाजवल्या.

"बाबा, जरा दम धरा ना! लावतोय आम्ही," लेक मागूनच म्हणाली.

त्यांनाही ओरडता येईना. धडपडत उठून त्यांनी मला बंद केले, झाकण उघडले आणि बोटांनी फीत हळूहळू सोडवली. मग चाक स्पिरिटने पुसले आणि आधी एक टाकाऊ कॅसेट चालवून पाहिली. ती नीट फिरली, पण पडदा काळाच राहिला.

"अगंबाई, मी डबाच उलटा आणलाय!" लेकीने कपाळावर हात मारला. तो नव्या यंत्राचे चित्र जुन्या टीव्हीवर दाखवणारा होता. जावयाने तो बदलून आणला.

आता ती कॅसेट घालून पुन्हा बटण दाबले. पडद्यावर दोन वेण्यांची एक मुलगी गिरक्या घेत आली. कॅमेरा धरणारे बाबा कुठेच दिसत नव्हते, फक्त त्यांचा भरदार आवाज आला, "अगं ए..." आणि नेमकी तिथेच फीत चुरगळलेली. खर्रर्र! "...इकडे बघ की!"

"आजोबा काय म्हणाले?" नातीने विचारले.

आजोबांचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही.

"भिंगरी," लेक डोळे पुसत म्हणाली. "मला भिंगरी म्हणायचे. एकटे तेच म्हणायचे."

मित्रांनो, तुमच्या घरी अशी एखादी कॅसेट असेल तर तिची प्रत आजच करून घ्या. माझ्यासारख्या म्हाताऱ्याच्या भरवशावर राहू नका. बाकी सगळे मी अजून दाखवतो, पण ती एक हाक आता कुठल्याच टीव्हीवर ऐकू येणार नाही.