भिंतीवरची तविया

आमच्या भागात माणूस जिवंत असेपर्यंत भिंतीवर चढत नाही. गेला की चढतो. घरचे त्याचा त्यातल्या त्यात बरा फोटो शोधतात, खाली नाव, वय आणि कुठल्या शनिवारी माती ते छापून घेतात, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर चिकटवून टाकतात. ओकायलीला चौऱ्याहत्तर वर्षं झाली होती. निम्म्या ओळखीच्या माणसांचा निरोप तिनं असा भिंतीसमोर उभं राहूनच घेतला होता.

म्हणून त्या मंगळवारी, गिरणीतून मक्याचं पीठ घेऊन परतताना, मिठाच्या जुन्या गोदामाच्या भिंतीवर मासेवाली तविया दिसली तेव्हा तिनं दुसरा विचारच केला नाही.

भिंत रंगवायचं काम पंधरा दिवस चालू आहे, हे तिला ठाऊक होतं. ज्या बायकांनी आक्रा शहर घडवलं त्यांची चित्रं काढताहेत, असं कुणीतरी म्हणालं होतं. स्वतःच्या होड्या समुद्रात घालणारी पहिली बाई, आमच्या अर्ध्या जेम्सटाउनची नाळ कापलेली सुईण, मुलींची शाळा काढायच्या नादात लग्न राहून गेलेली मास्तरीण, सैनिकांनी बाजार पाडला तेव्हा ढिगाऱ्यावरच पथारी मांडून बसलेली कापडवाली. चौघी केव्हाच वर गेलेल्या. आणि पाचवी तविया! दोन पुरुष उंचीची, गरगरीत, हात कमरेवर, मागे समुद्र. परांचीवर कुणी नव्हतं. रिवाजानं मंगळवारी मासे धरायला समुद्रावर कुणी जात नाही, त्यामुळे गल्लीही आळसावलेली होती. विचारायला माणूस नव्हता, आणि खरं सांगायचं तर विचारायची गरजही तिला वाटली नाही.

डोक्यावरचं घमेलं कसंबसं उतरवून ती समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसली.

"गेली," ती स्वतःशीच म्हणाली. "मला न सांगता गेली."

सांगणार तरी कोण? तवियाचं घर दोन गल्ल्या सोडून. पण सव्वीस वर्षं ओकायलीच्या घरात ते नाव घ्यायची कुणाची टाप नव्हती. नव्या सुनेनं एकदा चुकून तवियाकडचे मासे आणले, तर ते सरळ कोंबड्यांना गेले होते. पावसात तवियाला मोठ्या इस्पितळात नेलं, एवढं कानावर आलं होतं, आणि तेव्हा ओकायलीनं ते ऐकलं न ऐकलंसं केलं होतं. बरं, रडण्याचा आवाज तरी यायचा! पण होमोवोचा सण तोंडावर आलेला. त्याआधीचा महिनाभर ढोल बंद, गाणं बंद, मयतासाठी रडणंसुद्धा बंद. पेरलेला मका शांतपणे वर यावा म्हणून अख्खा भाग तोंड मिटून बसतो. म्हणजे बिचारीला रडायलाही कुणी नाही. सगळं असं एकात एक बसत गेलं की शंकेला जागा उरली नाही.

एके काळी दोघींचं ताट एकच होतं. ओकायली केंकेवाली. आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे गोळे कणसाच्या सालपटात गुंडाळून उकडायचे, ही तिची तीन पिढ्यांची कला. तविया शेजारी बसून मासे तळायची. केंके आणि मासा याला आमच्याकडे जेवण म्हणतात. भातबीत म्हणजे नुसतं तोंड चाळवणं. गिऱ्हाईक एकीसमोर थांबलं की दुसरीकडे हात पुढे करायचंच. मग एका वर्षी सरकारी कचेरीला किनाऱ्यावर हॉटेल बांधायची हुक्की आली, आणि मासे धुरवायच्या भट्ट्या उठवायचा हुकूम निघाला. तविया होड्यांच्या वाटेवर वाळूत जाऊन बसली. तिच्यामागे चारशे बायका बसल्या. ओकायलीही बसली. नवव्या दिवशी पोलिसांच्या गाड्या आल्या, आणि ओकायली उठली. पातेलं उचलून पलीकडे गेली आणि सगळेच्या सगळे केंके पोलिसांना विकून आली.

"पोरं उपाशी होती," असं तिनं नंतर सांगितलं.

अकराव्या दिवशी कचेरीनं हुकूम मागे घेतला. भट्ट्या राहिल्या, किनारा राहिला, तवियाला बायकांनी नाचत घरी नेलं. तिनं ओकायलीकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

होमोवोच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दारोदार जातो, एकमेकांना आयुष्य चिंतितो आणि वर्षाची भांडणं तिथल्या तिथे मिटवतो. कितीही मोठा वैरी असला तरी त्या सकाळी दार लावून घेत नाही. सव्वीस होमोवो ओकायली नवं कापड नेसून उंबऱ्यापर्यंत आली, आणि सव्वीस वेळा 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून मागे फिरली. आता कसलं पुढचं वर्ष! पायरीवर बसल्याबसल्या तिला स्वतःचा इतका राग आला की घमेल्याला लाथ मारावीशी वाटली. पण पीठ चांगलं होतं.

घरी पातेल्यात सकाळचे केंके वाफेवर होते. सून देन्सुआ सालपटं निवडत बसली होती.

"दहा बांध," ओकायली म्हणाली. "गरम बघून."

"कुणाला द्यायचेत, आई?"

"तवियाच्या घरी."

देन्सुआच्या हातातलं सालपट खाली पडलं. "कुणाच्या?"

"कान गेले का तुझे? घरात माणसं आली असतील. त्यांच्या पोटाचं कोण बघतंय?"

देन्सुआनं पटापट दहा केंके टोपलीत भरले. सासूचं मन पालटायच्या आत तिला दाराबाहेर काढावं, अशी तिची घाई होती. ओकायलीनं पेटीतलं लाल-काळं कापड काढून केंक्यांखाली दडवलं. या महिन्यात सुतकाचं नेसायची सोय नाही. पण तवियाच्या दारी त्याच्याशिवाय कसं जायचं म्हणून सोबत घेतलं.

तवियाच्या अंगणात भट्ट्यांचा धूर भरला होता. ओकायलीच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यात पाणी. धुरात तिला एवढंच दिसलं, की बुटक्या स्टुलावर कुणी वाळकी म्हातारी पाठमोरी बसून माशांचे खवले काढते आहे. डोकं साफ भादरलेलं. ही अक्वेले. तवियाच्या आधीच्या जुळ्यांतली, तिची थोरली बहीण, पहिल्यापासून काटकी. बहिणीसाठी केस उतरवलेत बिचारीनं.

"अक्वेले, वळू नकोस," ओकायली घाईनं म्हणाली. "तुझं तोंड बघितलं तर मला बोलता यायचं नाही. तशीच बस."

सुरी थांबली.

"या महिन्यात रडायचं नसतं, माहीत आहे मला. मी रडायला नाही आले. भिंतीवर बघितलं आणि आले. जे सांगायचं ते तिलाच सांगायचं होतं. नाही झालं माझ्याच्यानं. आता तू ऐक." तिनं दम घेतला. "त्या दिवशी मी पोलिसांना केंके विकले ना, ते पोरांसाठी नव्हतं. पोरं माझ्या बहिणीकडे पोटभर जेवत होती. मला भीती वाटली, अक्वेले. त्या लाठ्या बघितल्या आणि माझं पाणी पाणी झालं. मी या बायकांमधली नाही, मी नुसती केंकेवाली, असं त्यांना वाटावं म्हणून उठले मी. आणि एवढी वर्षं पोरांच्या नावावर खपवलं. तुझी बहीण वाघीण होती. मी पळपुटी. झालं, सांगितलं. हे केंके घे, येईल त्याला वाढ."

सुरी दोनदा माशावरून खरखरली.

"वाघीण म्हणे!" स्टुलावरून आवाज आला. "अगं, माझे गुडघे धरले होते."

अंग आटलं होतं, आवाज आटला नव्हता. सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असा तो आवाज ओकायलीनं झोपेतसुद्धा ओळखला असता. टोपली तिच्या हातून सुटून जमिनीवर टेकली. म्हातारी स्टुलावर गर्रकन वळली. दुखण्यानं केस गेलेले, गालांच्या झोळ्या झालेल्या, पण पुढच्या दोन दातांमधली फट तीच.

"तू... तू मेली नाहीस?"

"तुझी इच्छा असेल तर तसं सांग!"

"मग भिंतीवर काय करतेस?"

"उभी आहे. ती रंगवणारी पोरगी आली, म्हणाली आजी, तुमचं चित्र काढते. म्हटलं, काढ बाई. माझा जाडेपणीचा फोटो दिला तिला. मला काय माहीत, लोक माझ्या मातीला यायला लागतील? सकाळपासून तू चौथी. सुतार तर मयताची पेटी माशाच्या आकाराची करू की होडीच्या, असं मलाच विचारून गेला. तोही आंधळा तुझ्यासारखा!"

ओकायलीचा जीव भांड्यात पडला. इतकं हलकं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. जोरात ओरडावं, टाळ्या पिटाव्यात, गल्लीभर सांगत सुटावं असं वाटलं. पण महिना गप्प राहायचा! तिनं टोपलीतलं लाल-काळं कापड ओढून तोंडात कोंबलं आणि त्यातच हसली. तवियानं कापड पाहिलं, ते कशासाठी आणलंय ते ओळखलं, आणि दुसरं टोक आपल्या तोंडात कोंबलं. दोघी म्हाताऱ्या एका कापडाला दातांत धरून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हलत होत्या.

"गुडघ्यांचं काय म्हणालीस?" ओकायलीनं जरा वेळानं विचारलं.

"गाड्या आल्या तेव्हा मलाही पळायचंच होतं. पण हे एवढं धूड, आठ दिवस वाळूत रुतलेलं. दोनदा जोर केला. उठताच येईना! मागच्या बायकांना वाटलं, तविया हलत नाही. म्हणून त्याही हलल्या नाहीत."

"आणि एवढं असून माझ्याशी बोलली नाहीस?"

"तुला उठता आलं ना!" तविया फणकारली. "राग त्याचाच होता."

मग तिनं टोपली पुढे ओढली, एक केंके सोलला, बोटांनी तोडून तिखटात बुडवला आणि डोळे मिटून खाल्ला. बघता बघता चार गेले. आजारातून उठलेल्या बाईनं इतकं खाऊ नये, हे ओकायलीच्या ओठांवर आलं होतं. तिनं पाचवा सोलून पुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी भिंतीपाशी गेल्या. वाटेत एक कोळी तवियाला पाहून टोपी काढायला गेला आणि अर्ध्यातच घाबरून गल्लीत वळला. परांचीवर रंगवणारी शोर्मे होती, विशी-बाविशीची, कोपरापर्यंत निळी.

"ए पोरी," तविया खालून म्हणाली, "मला मारलंस की गं तू."

शोर्मेला सगळं कळलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. लोक असा अर्थ काढताहेत हे कुणी तिला सांगितलं नव्हतं, पण तीही याच गल्लीत वाढलेली. तिला हे सुचायला हवं होतं. पंधरा दिवसांचं काम होतं. "आजी, चुकलं माझं. पुसून टाकू का?"

"पुसतेस काय? बाजूच्या चौघी काय म्हणतील मला? जिवंत आहे एवढं कळलं म्हणजे झालं."

"मग खाली लिहू? 'आजी अजून आहेत' म्हणून?"

"वाचतंय कोण?" ओकायली मध्येच बोलली. काल रात्रभर तिनं याचाच विचार केला होता. "हिच्या हातात खायला दे. मयताच्या कागदावर कुणाला जेवताना बघितलंयस?"

शोर्मेनं क्षणभर पाहिलं, आणि खदखदून हसली. मग तिनं तोंडावर हात ठेवला, महिना आठवून. तिनं चित्रातला कमरेवरचा एक हात पुसून तोंडाकडे वळवला, त्यात गोळा काढला, त्याला हिरवंगार केळीचं पान गुंडाळलं.

"अगंगं!" ओकायली परांचीच्या बांबूला धरून उभी राहिली. "पान कसलं गुंडाळतेस? ते पलीकडच्या फान्टे लोकांचं! आमचा सालपटातला असतो, मक्याच्या. पिवळट घे रंग. हां. आणि टोक असं आत दाबायचं. वाफ काढ वरून, गार कोण खातंय."

असं करता करता दुपार झाली. माणसं जमली, आवाज न करता ढुशा देत हसू लागली. सुतारही आला, वर बघून, खाली बघून, मान खाली घालून निघून गेला. भिंतीवरची तविया आता केंके खात होती, आणि तिच्या मातीची चौकशी करायला पुन्हा कुणी येणार नव्हतं.

"मावशी," गर्दीतल्या एकानं विचारलं, "कुणाकडचा म्हणायचा तो केंके?"

"हिच्याकडचा," तविया म्हणाली. "दुसऱ्या कुणाचा मी तोंडात घालत नाही."

"मग सव्वीस वर्षं काय खात होतीस गं?" ओकायलीनं विचारलं.

तवियानं तिच्याकडे पाहिलं नाही. ती भिंतीकडे बघत होती.

"भात," ती म्हणाली.