लाल मोटारीची जाळी आणि मी

एक मूठ हळद.

बैलांच्या शर्यतीचे मैदान, बैल घरी गेल्यानंतरचे.

जुन्या तंबूचे फाटके कापड.

"सवत" हा शब्द, भाकरी थापता थापता उच्चारलेला.

मोटारीखालची ओली माती.

मी एक जुनी छागल आहे. मित्रांनो, वरचे तुकडे एका जागी बसत नाहीत म्हणून गोंधळू नका. मीही आता सबंध उरलेली नाही.

छागल म्हणजे जाड कापडाची पाण्याची पिशवी. तिला वर लाकडी बूच असते. मोटारीच्या पुढे तिला टांगतात. तिच्यातून पाणी हळूहळू झिरपते, त्याला वारा लागतो आणि आतले पाणी थंडगार होते. महागावजवळच्या एका तांड्यावरच्या रुपीबाईने मला शिवले. तंबूचे कापड दुहेरी घालून, दाताने दोरा तोडत, तिने एकेक टाका घातला. शिवून झाल्यावर तिने मला पाण्यात बुडवले आणि उन्हात धरून पाहिले. त्या वेळी तिच्या तोंडावर जे हसू होते, ते फक्त माझ्यासाठी होते. तसे हसू मला पुन्हा मिळाले नाही.

कारण मला टांगले एका लाल मोटारीला.

ती दोन माणसांची, उघडी, धावायची मोटार होती. वणीचे मारोतराव जिनिंगवाले यांनी १९५६ साली ती नागपूरहून जुनी विकत आणली. रुपीबाईचा नवरा गुलाबसिंग ती चालवत असे. दर हिवाळ्यात बैलांच्या शर्यती आटोपल्या की त्याच मैदानावर गोल आखून मोटारी पळवत. रस्त्यावर मोटारीला कुठे उतार मिळतो, कुठे सावली मिळते. गोलात तिला उसंत नसते. इंजिन सारखे तापते, आणि ते थंड ठेवायचे काम मोटारीच्या तोंडाशी बसवलेल्या रेडिएटरचे. बारीक नळ्यांतून पाणी खेळवणाऱ्या त्या पेटीला गुलाबसिंग 'जाळी' म्हणे.

जाळी गळत असे.

मीही गळत असे. पण माझे गळणे कोणी पाहत नसे. तिचा एक थेंब मातीत पडला की गुलाबसिंग पोटावर पडून मोटारीखाली सरपटत जाई. तिला हात लावून बघे, कान लावून ऐके. माझ्यातले थंड पाणी, जे मी वाऱ्यावर सबंध दुपार जपलेले असे, ते तो तिच्या पोटात ओते. दसऱ्याला तिला झेंडूचा हार. मला? मला त्या दिवशी खुंटीवर टांगून ठेवत, कारण माझ्या ओलाव्याने तिचे कुंकू ओघळते.

आता सांगा मित्रांनो, मी जळू नये तर काय करावे? ओल्या कापडालाही जळता येते.

जळणारी मी एकटी नव्हते. रुपीबाई मोटारीला सवतच म्हणे. "माह्या पायात काटा भरला तं म्हणते, काढीन संध्याकाळी. अन् तिले थेंबभर पाणी आलं का लगेच आडवा पडते मानूस!" असे ती शेजारच्या मोतीबाईला सांगे. मला ते ऐकून फार बरे वाटे.

१९५८ च्या शर्यतीत जाळी भर मैदानात उकळली. वाफेचा लोट उठला आणि मोटार उभी राहिली. मैदानाच्या कडेच्या कुडाजवळचे लोक ओरडले, "साखर-पत्ती टाका रे, च्या तयार हाये!" मारोतराव हसले नाहीत. त्यांनी गुलाबसिंगला एवढेच सांगितले, "पुढच्या सालीही हे बाई उकळली, तं मी तिले भंगारात देतो. अन् तू तांड्यावर जाय, बैल हाक."

गुलाबसिंगने वर्षभर जाळीला माझ्यापेक्षा जास्त वेळ दिला, हे सांगायला नकोच. तरी शर्यतीच्या आठवड्यात तिच्याखाली पुन्हा ओली माती दिसली. मग त्याने तांड्याचा उपाय केला. जखमेवर जे दाबतात ते त्याने जाळीत ओतले. हळद.

"लावा, लावा," रुपीबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "हळद तं लागली. आता फेरे कवा? मले सांगा, करवली म्हणून मीच उभी राह्यतो."

"अवं, जखमेले चालते तं हिले काहून नाई चालणार?"

"चालते नं. मले लगनात लावली होती त्याच्याहून जास्त लावली तुमी."

गळती थांबली. खरेच थांबली. गुलाबसिंगने आनंदाने जाळीवर थाप मारली आणि मी रागाने दुप्पट झिरपले.

पण दुसऱ्या दिवशी मैदानावर सराव करताना इंजिन भलतेच तापले. हळदीने भोक बुजवले होते, तशा बारीक नळ्याही बुजवल्या होत्या. पाणी खेळायला वाटच उरली नव्हती. जाळी आतल्या आत खदखदत होती. गुलाबसिंगने झाकणाला हात घातला, तोच रुपीबाईने त्याचा हात मागे ओढला.

"थंडी होऊ द्या आधी. तोंड भाजून घ्याचं हाये का?"

"मंग छागलीतलं थंडं पाणी वरून ओततो."

म्हणाला खरे, पण लगेच स्वतःच थांबला. "नाई. तापल्या लोखंडावर थंडं पाणी पडलं तं तडकन फुटते."

बघा! ज्या थंडाव्यासाठी माझा जन्म, तोही तिला चालेना.

मोटार निवाली. मग त्यांनी जाळीतले पिवळे पाणी सोडले, जाळी उतरवली आणि पाणी वाहते त्याच्या उलट दिशेने पाणी सोडून, निवळ येईपर्यंत ती धुतली. एक तोंड चिंधीने घट्ट बंद करून तिला बैलांच्या दगडी डोणीत बुडवले. गुलाबसिंग दुसऱ्या तोंडातून सायकलच्या पंपाने हवा भरू लागला. रुपीबाई डोणीत डोळे लावून बसली.

"थे पाह्य, बुडबुडे! खालच्या कोपऱ्यात."

तिने कोळशाच्या खड्याने तिथे खूण केली. गुलाबसिंगने ती जागा घासून चकचकीत केली, कथील वितळवून झाळ लावली आणि जाळी पुन्हा डोणीत बुडवली. एकही बुडबुडा आला नाही. तो हसला, रुपीबाईही हसली. जाळीकडे पाहून हसली!

शर्यतीच्या सकाळी मैदानात इंजिन सुरू केले. जाळी कोरडी ठणठणीत. मात्र इंजिनापासून जाळीकडे येणारी रबरी नळी हळदीच्या दिवशी उकळून मऊ पडली होती, आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. ती गालफुगीसारखी फुगली आणि फाटली. दुसरी नळी चांद्याला मिळाली असती, पण तोवर शर्यत संपली असती. गुलाबसिंगने डोक्याचा पटका सोडून नळीला गुंडाळून पाहिला. पातळ कापड, पाणी भसाभस बाहेर. तो चाकाला टेकून खाली बसला.

मी मनात म्हटले, जा आता भंगारात.

रुपीबाई मैदानाच्या कडेहून आली. तिने नळी पाहिली, नवऱ्याकडे पाहिले आणि मला खाली उतरवले. माझे पाणी कळशीत ओतले आणि कमरेचा विळा काढला.

"अवं, राहू दे. किती मेहनतीनं शिवली तू."

"गप बसा. मी तिच्यासाठी नाई कापून राह्यली. तुमी तांड्यावर तोंड पाडून बसान, थे मले पाहवत नाई."

तिने मला उभे चिरले. एक लांब पट्टी भिजवून, पदरावर पदर चढवत, नळीभोवती आवळली आणि तारेने बांधली. जिच्यावर मी इतकी वर्षे जळले, तिच्या गळ्यात मी पडले.

मोटारी सुटल्या. उकळते पाणी आतून धक्के देऊ लागले. मित्रांनो, खोटे कशाला बोलू? सैल पडावे असे माझ्या मनात आले. एवढेसे सैल, की जाळी उकळावी आणि सगळा तमाशा संपावा. पण भिजले की माझा धागा फुगतो आणि वीण घट्ट होते. मनात काहीही असले तरी मला तसेच विणले आहे. मी धरून राहिले.

मोटार परत आली तेव्हा मारोतराव वाकून खाली बघत होते. माती कोरडी होती. "जाळी झकास झाली रे!" ते म्हणाले. नळीकडे त्यांनी पाहिलेही नाही. मोटार राहिली, गुलाबसिंगही राहिला.

महिन्याभरात चांद्याची नवी नळी आली आणि मला सोडवून हत्यारांच्या पेटीत टाकले. तिथे ग्रीसने काळी पडून मी अजून आहे. १९६३ साल चालू आहे. बाहेर जाळीला कोणीतरी पुसते आहे, ते मला ऐकू येते.

मित्रांनो, रोज सकाळी मोटारीखालची माती बघत जा. नळ्या गार असताना दाबून बघा, मऊ लागली ती लगेच बदला. तापलेले झाकण उघडू नका. गळती बुजवायला स्वयंपाकघरातले काही ओतू नका, भोक शोधा आणि तेवढेच झाळा. आणि जे चकाकत नाही, त्यालाही कधी हात लावून बघा.

१९५६ साली मोटार वणीत आली, त्या दिवशी गुलाबसिंगने सगळ्यांत आधी रुपीबाईला शेजारी बसवून मारोतरावांच्या कापसाच्या जिनिंगभोवती फेरी मारली होती, आणि ती उतरायला तयार नव्हती.