गुंडाची खुर्ची

एकवीस वर्षं मी सांगलीच्या कोर्टात बेलीफ होतो. जप्तीचा हुकूम घेऊन लोकांच्या घरातलं सामान उचलायचं, ही माझी नोकरी. पण कारागिराच्या पोटापाण्याच्या हत्यारांना कायदा हात लावू देत नाही, हे वादीच्या डोक्यात घालता घालता माझं डोकं उठायचं.

त्र्याण्णव साली माधवनगरजवळच्या एका गावात गुंडा न्हाव्याच्या दुकानावर जप्ती नेली. मेव्हण्याच्या कर्जाला जामीन राहून बसला होता बिचारा. जप्तीच्या यादीत टीव्ही लिहिला, कपाट लिहिलं. वस्तरे, कात्र्या सोडल्या. अडलं ते फिरत्या खुर्चीपाशी.

"खुर्ची म्हंजे काय हत्यार न्हवं," वादी आकाराम म्हणाला. "ह्याच्या बानं जन्मभर उकिडवं बसून दाढ्या केल्या. लिहा ती."

मी गुंडाला विचारलं, "खुर्चीशिवाय धंदा होईल का रे?"

अहो, नाही म्हण की! तर हा गडी छाती काढून म्हणतो, "हुईल की. खाली बसून करीन. मला काय धाड भरलीया?"

असा राग आला मला! लिहायला पेन टेकवलं, तेवढ्यात त्याची बायको राहीबाई पुढं आली. "आवं सायेब, ह्येंचा गुडघा गेलाय. खाली बसलं की उठताच येत न्हाई. रोज मी हात धरून उठवतीया."

"गप बस!" गुंडा ओरडला. पंचनाम्याला गावातले दोन पंच घेतले होते, दोघंही त्याचीच गिऱ्हाइकं होती.

"बसून दाखव," मी म्हटलं. बसला. उठताना भिंत धरली, तरी उठवेना. शेवटी पंचांतला म्हातारा फौजी मानसिंग पुढं झाला आणि काखेत हात घालून त्यानं गुंडाला उभं केलं.

मी खुर्ची सोडली. पंचनामा मोठ्यानं वाचावा लागतो. 'गुडघ्याने अधू' हे शब्द आले तशी गुंडानं मान खाली घातली. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आता कोण येतंय माझ्याकडं," तो पुटपुटला.

मानसिंगनं सही केली आणि सरळ जाऊन खुर्चीत बसला. "आरं गड्या, आदी तू आमच्या कट्ट्यावर येऊन दाढ्या करायचास. दोन वर्षामागं उठताना कण्हलास, तवाच आमी म्हाताऱ्यांनी ठरवलं, ह्याला घरी बोलवायचं न्हाई, आपूनच दुकानात जायाचं. तुला काय वाटलं, खुर्चीच्या हौसंनं येतोय व्हय आमी?"

गुंडा वस्तरा हातात धरून नुसता उभा राहिला.

"बघतोस काय? साबण लाव."