रविराजच्या डोक्यावरचे दोन भोवरे

दौंडला भीमेच्या घाटावर दहाव्याला सगळे कावळ्याकडे डोळे लावून बसले होते. संपतराव मात्र होणाऱ्या जावयाचं डोकं बघत होते. आजोबा वारले म्हणून रविराजनं मुंडण केलं होतं आणि त्या गुळगुळीत डोक्यावर केसांचे दोन भोवरे स्वच्छ दिसत होते.

दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं, हे इनामगावातलं शेंबडं पोरही सांगेल. आणि दुसरं व्हायचं तर पहिलीचं काय होतं, ते संपतरावांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांची पहिली बायको, प्रतिभा, पोरगी पाळण्यात असतानाच गेली होती. आता तीच पोरगी, वैष्णवी, या दोन भोवऱ्यांच्या घरात द्यायची होती.

कावळा शिवला. सगळ्यांनी हात जोडले, संपतराव विसरले.

घरी आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं, "सोयरीक मोडायची."

चुलीपुढं बसलेल्या सवितानं, म्हणजे दुसऱ्या बायकोनं, कारण विचारलं. त्यांनी सांगितलं.

वैष्णवी शिरूरच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. ती रडली असती तर निभावलं असतं, पण ती शिकवायलाच लागली.

"आप्पा, आईच्या पोटात कातडी ताणत जाती, तसे केस तिरके होत्यात. आन् गोल डोक्यावर सगळे केस एका अंगाला बसतच न्हाईत. कुठंतरी भोवरा पडतोच. कुणाला एक, कुणाला दोन. सूर्यफुलात बिया कशा गोल फिरत जात्यात, बघितल्यात ना? किती देखणं असतं ते!"

"सूर्यफुलाचं लग्न न्हाई ठरलेलं," संपतराव म्हणाले.

वैष्णवी उठून त्यांच्या मागं गेली, टोपी काढली आणि पांढरे केस बोटांनी बाजूला केले. त्यांनी आयुष्यात पोरीला डोक्याला हात लावू दिला नव्हता. आज हलले नाहीत.

"एकच भोवरा हाय तुम्हाला. लग्नं दोन. मग माझी आई कशानं गेली?"

सविताचा भाकरी थापणारा हात थांबला. या घरात प्रतिभा नेहमी नशिबानं गेलेली असायची.

"तापानं," संपतराव म्हणाले. मग त्यांना रडू आलं, चांगलं हुंदके देऊन आलं. पोरीनं त्यांच्या डोक्यावरचा हात काढला नाही.

बऱ्याच वेळानं त्यांनी उपरण्यानं नाक पुसलं आणि टोपी मागून घेतली.

"रविराजला फोन लाव. म्हणावं, लग्नापतूर केस चांगले वाढू दे. माझ्यासाठी न्हाई, भावकीसाठी."